भिंतीपलीकडचं भुंकणं

सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा पार्किंगवर तापते, गळतीवर रेंगाळते, टँकरच्या बिलावर कुरकुरते. मग आयत्या वेळचे विषय येतात आणि मागच्या रांगेतून कुणीतरी उठतं, "साहेब, तो कुत्र्याचा विषय आज घ्याच." एवढं म्हणायचा अवकाश, सभेत दोन तट पडतात. एकीकडे झोप उडालेली माणसं, दुसरीकडे "तो आमच्या घरातलाच आहे" म्हणणारी माणसं. पुण्यात कर्वेनगरपासून वाकडपर्यंत, ठाण्यात घोडबंदर रोडवर, नाशकात गंगापूर रोडला, जिथे जिथे मी या विषयावर लोकांशी बोलले तिथे भांडणाची सुरुवात वेगवेगळी होती. शेवट मात्र बहुतेक ठिकाणी एकच. दोन घरांचं बोलणं बंद, लिफ्टमध्ये माना फिरलेल्या, आणि कुत्रा भुंकतोच आहे.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न इथे घेत नाही. नसबंदी, लसीकरण, 2023 चे प्राणी जन्म नियंत्रण नियम, सर्वोच्च न्यायालयाचे 2025 मधले आदेश, हा सगळा वेगळा आणि मोठा विषय आहे. मला बोलायचंय ते घरात पाळलेल्या, नाव असलेल्या, लस टोचलेल्या कुत्र्याबद्दल. तो भुंकतो आणि भिंतीपलीकडचं घर हैराण होतं. याबद्दल लोकांशी बोलताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. सतत भुंकणारा कुत्रा आणि त्याला वैतागलेला शेजारी यांची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. पण दोघंही एकमेकांच्या विरुद्ध बाजूला उभे केले जातात.

कोथरूडच्या पुढे, टेकडीच्या बाजूला असलेल्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर दोन फ्लॅट समोरासमोर आहेत. एकात एका रुग्णालयातल्या परिचारिका, त्यांचे पती आणि बारावीतली मुलगी राहतात. दुसऱ्यात हिंजवडीला नोकरी करणारं तरुण जोडपं आणि त्यांचा बीगल. सिस्टर रात्रपाळी संपवून सकाळी घरी येतात, चहा घेतात, पडदे ओढून झोपतात. डोळा लागतो न लागतो तोच समोरचं दार बंद होतं, लिफ्ट खाली जाते आणि भुंकणं सुरू होतं. मध्येच ते लांबलचक हेल काढत रडण्यावर येतं, थोडं थांबतं, पुन्हा सुरू होतं.

"कुत्र्यावर माझा राग नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "तो बिचारा काय करणार? पण मला संध्याकाळी उठून परत ड्यूटीला जायचं असतं. इंजेक्शन भरताना आकडा दोनदा वाचावा लागतो, तेव्हा मला माझीच भीती वाटते. हे कोणाला सांगू?"

त्यांनी आधी समोरच्या वहिनींना सांगितलं होतं. पण ते सांगणं झालं जिन्यात, घाईत आणि चिडून. वहिनींना तो आरोप वाटला. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. "आम्ही घरात असताना तो भुंकतच नाही. आम्ही आलो की पायाशी झोपतो. त्यामुळे आम्हाला वाटायचं, या वाढवून सांगतात." पुढे सिस्टरांच्या पतींनी चेअरमनना पत्र दिलं, चेअरमननी नोटीस लावली, सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी "कुत्रा ठेवायचा तर बंगला घ्या" असं लिहिलं, आणि एका मजल्यावरची गोष्ट अख्ख्या इमारतीची झाली.

या सगळ्यात एक गोष्ट कुणाच्याच लक्षात येत नव्हती. मालकांनी तो आवाज कधी ऐकलेलाच नव्हता. एकटेपणामुळे भुंकणारा कुत्रा मालक गेल्यावर भुंकतो आणि मालकाची पावलं जिन्यात ओळखून गप्प होतो. म्हणून "आमचा नाही भुंकत" हे वाक्य बहुतेक मालक मनापासून म्हणतात. शेजाऱ्याला ते धडधडीत खोटं वाटतं. इथून पुढचं भांडण बहुतेक या एका गैरसमजावरच चालतं.

अखेर सिस्टरांच्या मुलीने, बारावीच्या अभ्यासातून वेळ काढून, एक काम केलं. वहीत तारीख, वेळ आणि किती वेळ भुंकणं चाललं ते लिहिलं, दोनचार वेळा मोबाइलवर आवाज टिपला आणि ती वही घेऊन ती एकटीच समोर गेली. "वहिनी, तुम्ही घरी नसताना असं होतं. मला वाटलं तुम्हाला माहीत नसेल." ब्रिटनमध्ये अशा तक्रारीसाठी नगरपरिषदेकडे गेलं तर ते आधी अशीच नोंद ठेवायला सांगतात. या मुलीला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं की "तुमचा कुत्रा सारखा भुंकतो" याला उत्तर देता येतं, पण "मंगळवारी पावणेदहा ते साडेदहा" याला देता येत नाही.

त्या जोडप्याने मग जुना मोबाइल हॉलमध्ये कॅमेरा चालू करून ठेवला. संध्याकाळी घरी येऊन त्यांनी ते चित्रण पाहिलं आणि वहिनी रडल्या. कुत्रा दारापाशी उभा होता. तोंडातून लाळ गळत होती, दाराची चौकट नखांनी ओरबाडली जात होती. वाटीतलं खाणं तसंच पडलं होतं. तो खोडकरपणा नव्हता, ती भीती होती.

पशुवैद्यक याला विभक्ततेची चिंता म्हणतात. तिच्या खुणा ठरलेल्या आहेत. मालक बाहेर पडल्यानंतर पहिल्या अर्ध्या तासातच त्रास सुरू होतो, मोडतोड दारं-खिडक्यांजवळ होते, आवडीचं खाणंही कुत्रा तोंडात घेत नाही, शिकवलेला कुत्रा घरातच लघवी करतो. भुंकण्यामागे नेहमी हेच कारण असतं असं मात्र नाही. कुणी कंटाळ्याने भुंकतं. कुणी खिडकीतून दिसणाऱ्या प्रत्येक हालचालीवर भुंकतं. कुणी पाहिजे ते मिळेपर्यंत भुंकतं, कारण पूर्वी तसं मिळालेलं असतं. म्हाताऱ्या कुत्र्याचं दिवसरात्रीचं भान सुटतं आणि तो मध्यरात्री भिंतीकडे पाहून भुंकतो. कधी सांधे दुखत असतात, कधी कान गेलेले असतात. कारण वेगळं म्हणून उपायही वेगळा. सरसकट "त्याला गप्प करा" म्हणणं म्हणजे ताप, खोकला आणि पाय मोडलेला अशा तिघांना एकच गोळी देणं.

कुत्र्याच्या भुंकण्यातले हे फरक माणसाला ऐकू येतात, आणि त्यासाठी कुत्रा पाळलेला असावा लागत नाही. बुडापेस्टच्या ओट्वोश लोरांड विद्यापीठातले पीटर पोंग्रात्झ, आदाम मिक्लोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुदी नावाच्या हंगेरियन मेंढपाळ कुत्र्यांचं भुंकणं वेगवेगळ्या प्रसंगी टिपलं. दारात अनोळखी माणूस आलेला, फिरायला निघायची उत्सुकता, चेंडूची मागणी, आणि बागेत झाडाला बांधून मालक दिसेनासा झालेला. हे आवाज लोकांना ऐकवले. नुसत्या अंदाजाने जितकं जमलं असतं त्यापेक्षा लोकांनी हे प्रसंग कितीतरी चांगले ओळखले, आणि ज्यांनी कुत्रा कधी पाळला नव्हता तेही मागे राहिले नाहीत. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मी सिस्टरांना सांगितला तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "मग काय! मला पहिल्या दिवसापासून कळत होतं की तो रडतोय. म्हणूनच झोप येत नव्हती."

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. शेजाऱ्याला त्रास देणारा तो आवाज नुसता मोठा नसतो, त्यात व्याकूळपणा असतो आणि तो आपल्याला समजतो.

भुंकणं ही माणसाने कुत्र्यात जोपासलेली गोष्ट आहे. मोठे झालेले लांडगे क्वचितच भुंकतात. माणसाच्या सोबतीला आलेला प्राणी मात्र भुंकू लागला, कारण आपल्याला तो भुंकायलाच हवा होता. मराठवाड्यातल्या शेतवस्तीवर अजूनही रात्री कुत्रा भुंकला की घरातला माणूस उठून बसतो, कंदील किंवा बॅटरी घेऊन बाहेर येतो आणि कुत्र्याच्या पाठीवर हात फिरवतो. भुंकणं हेच त्याचं काम असतं. बीगल तर इंग्लंडमध्ये सशाच्या मागावर कळपाने धावायला तयार केलेली जात. दूरवरच्या शिकाऱ्याला कळप कुठे आहे ते कळावं म्हणून तिचा आवाज लांब पोचेल असा निवडत नेला गेला. तोच बीगल आपण दोन खोल्यांत आणला, कळपाऐवजी एकटं ठेवलं आणि गप्प बसायची अपेक्षा धरली. आपल्याकडच्या मध्यमवर्गीय घरांत पिढ्यान्‌पिढ्या 'पॉम' म्हणून राहिलेला पांढरा केसाळ कुत्रा (बहुधा तो भारतीय स्पिट्झ असतो) जिन्यातल्या प्रत्येक पावलाची वर्दी देतो. हा त्याचा स्वभावदोष नाही, तो मूळचा राखणदार आहे.

आपल्या फ्लॅटची रचनाही या राखणदाराला चैन पडू देत नाही. आतलं दार उघडं आणि जाळीचं सेफ्टी डोअर बंद, ही आपली सवय. जाळीमागे बसलेल्या कुत्र्याला दिवसभर माणसं दिसतात. पेपरवाला, दूधवाला, कचरा नेणाऱ्या मावशी, पार्सल देणारी मुलं. तो भुंकतो आणि माणूस निघून जातो. माणूस जाणारच होता, पण कुत्र्याला वाटतं आपण घालवला. दिवसातून पंधरा-वीस वेळा त्याची अशी खात्री पटत जाते. त्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघरामागच्या डक्टमधून आवाज वर-खाली सगळ्या मजल्यांवर फिरतो. दाराला आतून अपारदर्शक पत्रा किंवा जाड पडदा लावला, खिडकीच्या खालच्या निम्म्या काचेला फिल्म चिकटवली, तर या प्रकारचं भुंकणं बऱ्यापैकी उतरतं. इतका स्वस्त उपाय असूनही तो फार कमी घरांत दिसला.

आता आवाजाबद्दल. मध्यम आकाराच्या कुत्र्याचं भुंकणं जवळून ऐकलं तर 80 ते 100 डेसिबलच्या आसपास जातं. अ‍ॅडलेडमधल्या चार्ली नावाच्या गोल्डन रिट्रीव्हरने 2012 मध्ये 113.1 डेसिबलचा विक्रम केला होता. निवासी भागासाठी आपल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी दिवसा 55 आणि रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण ही मर्यादा ठरावीक काळातल्या सरासरीची असते. कुत्रा दहा वेळा भुंकून तीन मिनिटं थांबतो, पुन्हा भुंकतो. सरासरीत तो बुडून जातो, झोपलेल्या माणसाच्या कानात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्येच सांगून ठेवलंय की झोपेच्या खोलीत एकेकट्या आवाजाचा चढही 45 डेसिबलच्या वर जाऊ नये. झोप सरासरीने मोडत नाही.

मोजमापाच्या पलीकडचं एक कारण डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1972 च्या त्यांच्या पुस्तकात मांडलं. प्रयोगशाळेत लोकांना अनियमित, कर्कश आवाज ऐकवले. त्यांतल्या काहींच्या हाताशी एक बटण दिलं आणि सांगितलं, अगदीच असह्य झालं तर हे दाबा, आवाज थांबेल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलंच नाही. आवाज दोन्ही गटांनी सारखाच सोसला. तरी नंतर दिलेल्या अवघड कामात बटणवाले जास्त वेळ टिकून राहिले आणि त्यांच्या चुका कमी झाल्या. आपल्या हातात काहीतरी आहे, एवढ्या जाणिवेनेच त्रास हलका झाला होता.

शेजाऱ्याकडे असं बटण नसतं. भुंकणं कधी सुरू होईल, कधी थांबेल, सांगायचं कुणाला, सांगितलं तर ऐकतील का, यातलं काहीच त्याच्या हातात नसतं. म्हणून मालकाने शेजाऱ्याला दिलेला फोन नंबर आणि "कधीही कळवा, आम्ही काहीतरी करू" हा शब्द माझ्या दृष्टीने अर्धा उपचार आहे. ज्या घरांत तेढ सुटली तिथे कुत्रा एकदम गप्प झाला नव्हता. शेजाऱ्याला मात्र आपलं म्हणणं पोचतं आहे हे कळलं होतं.

कायद्याकडे लोक फार लवकर धावतात आणि फार लवकर निराश होतात, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगते.

सोसायटीला ठराव करून कुत्रा पाळण्यावर बंदी घालता येत नाही, तो ठराव बहुमताने झाला तरीही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने 2015 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये हे स्पष्ट लिहिलं आहे. केरळ उच्च न्यायालयानेही 2021 मध्ये अशा बंदीचे सोसायटी नियम बेकायदा ठरवले. भुंकणं ही कुत्र्याची स्वाभाविक अभिव्यक्ती आहे असं मंडळ म्हणतं. पण त्याच सूचनांमध्ये पुढे मालकालाही सांगितलं आहे की सततच्या भुंकण्याने शेजाऱ्यांना त्रास होतो, तेव्हा विशेषतः रात्री कुत्रा शांत राहावा म्हणून सर्व प्रयत्न करा. सोसायटीच्या भांडणात मालक पहिला भाग वाचून दाखवतात. दुसरा भाग वाचलेला मला एकाही सभेत ऐकू आला नाही.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम लाउडस्पीकर, वाद्यं, हॉर्न, फटाके आणि बांधकामाची यंत्रं यांच्याबद्दल बोलतात. कुत्र्याचं नाव त्यांत नाही. महाराष्ट्रात आवाजाविरुद्धचा मोठा लढा लाउडस्पीकरविरुद्ध झाला. सुमैरा अब्दुलाली यांचं आवाज फाउंडेशन आणि ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांची याचिका ही त्यातली ठळक नावं. त्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 2016 मध्ये निकाल दिला. त्याआधी 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं की आवाज करणं हा कुणाचाही मूलभूत हक्क होऊ शकत नाही आणि शांततेत जगणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. सिस्टरांची झोप या तत्त्वात नक्कीच बसते. पण तत्त्वापासून चौथ्या मजल्यापर्यंतचा रस्ता लांब आहे.

पोलिसांकडे गेलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 270 आणि 292 खाली सार्वजनिक उपद्रवाची तक्रार होते. ती अदखलपात्र असते, म्हणजे एनसी लिहून घेतात. गुन्हा सिद्ध झाला तर दंड जास्तीत जास्त 1000 रुपये. त्यासाठी उपद्रव आसपासच्या लोकांना व्हावा लागतो. एकाच घराला त्रास असेल तर दिवाणी न्यायालयाचा रस्ता, आणि तिथे निकाल लागेपर्यंत कुत्रा म्हातारा होतो. बीट मार्शल येऊन दार वाजवतात, दोन्ही बाजूंना समजावतात, जातात. एका पोलीस ठाण्यात मला सांगितलं गेलं, "मॅडम, आम्ही आलो की कुत्रा जास्त भुंकतो."

एक तरतूद मात्र मला या सगळ्यात वेगळी वाटते. प्राण्यांना क्रूरपणे वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 चा कायदा आहे. त्याच्या कलम 11 मध्ये क्रूरतेचे प्रकार दिले आहेत: मारणं, उपाशी ठेवणं, आखूड साखळीने खूप वेळ बांधून ठेवणं. त्याच यादीत असंही आहे की नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणं ही मालकाने केलेली क्रूरता आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड 10 ते 50 रुपये. आज ही रक्कम अगदीच नगण्य आहे, आणि हा दंड वाढायलाच हवा. पण 1960 मध्येच हा मसुदा लिहिणाऱ्यांना कळलं होतं की कोंडलेल्या कुत्र्याचं दुःख हे दुःख आहे. शेजाऱ्याने या कलमाने मालकाला धमकवावं असं मी म्हणत नाही. शेजारी आणि कुत्रा एका बाजूला आहेत, एवढं या कलमातून दिसतं.

याच्या उलट टोकाची गोष्ट ठाण्यातली. एका इमारतीत दीड वर्ष वाद चालला. नोटिसा झाल्या, पोलीस येऊन गेले. एक दिवस सकाळी फिरून आल्यावर कुत्र्याच्या तोंडाला फेस आला आणि दुपारपर्यंत तो गेला. कुणी काय घातलं हे शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. त्या कुटुंबाने फ्लॅट भाड्याने दिला आणि ते निघून गेले. ज्यांची झोप मोडत होती त्या काकू मला म्हणाल्या, "आता शांत आहे. पण मला लोक बघतात ना, तेव्हा वाटतं सगळे माझ्याकडेच बोट दाखवतात. मी नाही केलं हो." प्राण्याला विष देऊन मारणं हा न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. त्या इमारतीत एक जीव गेला आणि एका बाईवर कायमचा संशय राहिला. हे दोन्ही टाळता आलं असतं, कारण त्या दीड वर्षात ही दोन घरं एकदाही समोरासमोर बसली नव्हती. मला याचं फार वाईट वाटतं.

2023 च्या मध्यस्थी कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक प्रकरण आहे. वस्तीतल्या रहिवाशांमधला किंवा कुटुंबांमधला सलोखा बिघडवू शकेल असा कोणताही वाद, दोन्ही पक्षांच्या संमतीने, मध्यस्थांपुढे नेण्याची तरतूद त्यात आहे. तिथे झालेल्या तडजोडीला न्यायालयाच्या हुकुमाचं बळ नसतं. अशा प्रकरणात मला ती उणीव वाटत नाही, कारण इथे हुकूम चालतच नाही. कुत्रा हुकुमाने शांत होत नाही. तो शांत होतो ते त्याला रोज फिरवलं, सोबत दिली आणि थोडं थोडं शिकवलं म्हणजे. त्यासाठी मालकाच्या मनात ते यावं लागतं.

चौथ्या मजल्यावर काय झालं? वहिनी बीगलला पशुवैद्यकाकडे घेऊन गेल्या. आधी दुखणंखुपणं तपासलं, मग एकटं राहायला शिकवणं सुरू झालं. किल्ली हातात घ्यायची आणि बसून राहायचं. दाराबाहेर जाऊन लगेच आत यायचं. मग मिनिटभर, मग पाच मिनिटं. कुत्रा घाबरायच्या आत परत यायचं, हे यातलं सगळ्यात महत्त्वाचं पथ्य. निघताना लाडाकोडाचा निरोप नाही, आल्यावर गोंधळ नाही. सकाळचं फिरणं दहा मिनिटांवरून चांगलं लांबवलं आणि त्यात त्याला मनसोक्त हुंगू दिलं. हुंगण्याने कुत्र्याचं डोकं दमतं, नुसत्या चालण्याने पायच दमतात. नाश्ता वाटीत न देता रबरी खेळण्यात भाकरी-दही भरून, गोठवून दिला जातो, तो चाटत बसतो. पशुवैद्यकांनी काही महिन्यांसाठी औषधही दिलं. अशा चिंतेवर क्लोमिप्रामिन, फ्लुओक्सेटिन यांसारखी औषधं वापरली जातात. ती पशुवैद्यकाच्या देखरेखीखालीच द्यायची असतात, माणसाच्या गोळ्या मोडून नव्हे.

या काळात कुत्र्याला दिवसभर एकटं सोडता येत नाही, नाहीतर शिकवलेलं सगळं वाया जातं. इथेच बहुतेक मालकांचा प्रयत्न मोडतो, कारण नोकरी सोडता येत नाही. त्या जोडप्याला तळमजल्यावरचे निवृत्त काका-काकू भेटले. सकाळी ऑफिसला जाताना ते बीगलला खाली सोडतात. काकूंना सोबत मिळते, कुत्र्यालाही. सिस्टरांच्या ड्यूटीचं महिन्याचं वेळापत्रक आता वहिनींच्या फ्रिजवर चिकटवलेलं असतं. काका-काकू गावाला गेले की अडचण होतेच. मग पाळणाघर शोधावं लागतं, ते महाग पडतं, आणि एखाद्या आठवड्यात सिस्टरांची झोप पुन्हा मोडते. पण आता त्या सरळ फोन करतात. कचऱ्याची घंटा वाजली की बीगल अजूनही भुंकतो. ते कुणीच मनावर घेत नाही.

शेजाऱ्यांना आणखी एक गोष्ट आधी सांगून ठेवायला हवी. लक्ष वेधण्यासाठी भुंकणाऱ्या कुत्र्याकडे दुर्लक्ष करायला लागलं की सुरुवातीला भुंकणं वाढतं. पूर्वी पाच मिनिटांत बिस्किट मिळत होतं, आता मिळत नाही, म्हणून तो दहा मिनिटं, पंधरा मिनिटं प्रयत्न करून पाहतो. नेमक्या याच आठवड्यात शेजाऱ्याचा संयम सुटतो, मालक घाबरून बिस्किट देतो आणि कुत्रा शिकतो की पंधरा मिनिटं भुंकावं लागतं. "पुढचे काही दिवस त्रास जास्त होईल, आम्ही त्याला शिकवतोय" एवढं सांगायला मालकाने आधीच शेजारी जावं. भिंतीवर हात आपटणं, पलीकडून "ए, गप!" म्हणून ओरडणं यांचा उपयोग नाही. कुत्र्याच्या कानाला तो साथ देणारा दुसरा आवाज असतो. आणि गळ्यात विजेचा झटका देणारा पट्टा कुणीही बांधू नये. घाबरून भुंकणाऱ्या जिवाला वेदना दिली तर तो अधिक घाबरेल, याला संशोधनाची गरज नाही. तरीही ज्यांना दाखला हवा त्यांच्यासाठी, वेल्समध्ये 2010 पासून अशा पट्ट्यांवर बंदी आहे.

आता दिवाळीतल्या फटाक्यांबद्दल. बाजारात येणाऱ्या फटाक्याला चार मीटर अंतरावर 125 डेसिबलपर्यंत आवाजाची परवानगी आहे, आणि माणसाला 20,000 हर्ट्झपर्यंत ऐकू येतं तिथे कुत्र्याला साधारण 45,000 पर्यंत ऐकू येतं. त्या चार-पाच दिवसांत अख्ख्या इमारतीतले कुत्रे भुंकतात, थरथरतात, पलंगाखाली शिरतात. काही जिना उतरून पळतात आणि सापडत नाहीत. वर्षभर ज्याच्या भुंकण्याची तक्रार केली त्याला या दिवसांत आपणच भुंकायला लावत असतो. मालकांनी फिरवून आणायचं ते उजेडात, फटाके सुरू व्हायच्या आधी. गळ्यात नाव-नंबरचा बिल्ला. आतली खोली, ओढलेले पडदे, चालू पंखा आणि जवळ कुणीतरी माणूस. फार घाबरणाऱ्या कुत्र्यासाठी पशुवैद्यकाशी वसुबारसेच्या आधीच बोलून ठेवावं.

दिवाळीतच पिल्लं भेट दिली जातात. बोनस मिळालेला असतो, मुलांनी हट्ट धरलेला असतो. विकणारा सांगतो, "पस्तीस दिवसांचं आहे, लगेच लळा लागेल." 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात 30 ते 40 दिवसांत आईपासून तोडलेल्या आणि दोन महिने आईजवळ राहिलेल्या कुत्र्यांची तुलना केली होती. लवकर तोडलेल्यांत पुढे जास्त भुंकणं, आवाजाला दचकणं आणि फिरताना घाबरणं ठळकपणे अधिक दिसलं. आपल्याकडे 2017 च्या श्वान प्रजनन आणि विक्री नियमांनुसार आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकताच येत नाही. तेव्हा पिल्लू घेणाऱ्याने त्याची जन्मतारीख लेखी मागावी, आई कुठे आहे ते दाखवायला सांगावं, विक्रेत्याचा नोंदणी क्रमांक विचारावा. मग घरी येऊन मुलांना नव्हे, आपल्यालाच विचारावं की सुट्टी संपल्यावर सकाळी नऊ ते संध्याकाळी सात या पिल्लाजवळ कोण असणार आहे. त्या वेळेसाठी कुणाचंच नाव सुचत नसेल तर यंदा पिल्लू आणू नका.